चाम, खाल, चमड़ा : शब्दार्थांची जात

हिंदीच्या तासाला प्रेमचंदांची 'सद्गति' शिकवीत होतो. पंडित घासीरामच्या दारात लाकूड फोडता फोडता दुखी मरतो, तिथपर्यंत आलो होतो. एका विद्यार्थिनीने हात वर केला. तिच्यापुढे बाजारात मिळते तसले एक गाईड उघडे होते. ती म्हणाली, "सर, यात 'चमार' म्हणजे 'चमड़े का काम करने वाला' असा अर्थ दिलाय. पण दुखी अख्ख्या गोष्टीत चमड्याला हातच लावत नाही. मग त्याला चमार का म्हणायचं?"

वर्गात कोणी हसले नाही. मी तास संपवला, पण उत्तर दिले नाही, कारण त्या क्षणी मजपाशी ते नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. तो प्रश्न केवळ एका गाईडापुरता नाही. आपल्या भाषा एका साध्या, रोजच्या वापरातल्या वस्तूला किती नावे देतात, ती नावे कोणासाठी राखून ठेवतात आणि त्यांचे अर्थ लिहिताना कोश व पाठ्यपुस्तके काय गाळतात, हे तपासणे हा वाङ्मयीन समीक्षेचाच भाग आहे असे मी मानतो. 'शब्दार्थ' ही पाठाच्या तळाशी असलेली निरुपद्रवी यादी आहे, असे समजून आपण तिला आजवर फार सवलत दिलेली आहे.

हिंजवडीच्या परिसरातले माझे विद्यार्थी कोण आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. माण, मारुंजी या गावांतली काही मुले आहेत. त्यांच्या आजोबांच्या शेतांवर आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. मराठवाड्यातून आलेल्या वॉचमनची, ड्रायव्हरची मुले आहेत. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कुटुंबांतली मुले आहेत. त्यांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली असते, पण परीक्षेची हिंदी त्यांनाही परकीच असते. प्रश्न विचारणारी मुलगी यांपैकीच एक. तिचे वडील रस्त्याच्या कडेला बसून चपला-बूट शिवतात, हे मला नंतर कळले. तिने ते वर्गात सांगितले नव्हते. का सांगितले नव्हते, हे मला विचारावे लागले नाही. मीही पदवीपर्यंत माझे आजोबा काय करीत असत हे कोणाला सांगितलेले नव्हते.

आता शब्दांकडे येऊ. संस्कृतातले 'चर्मन्' प्राकृतात 'चम्म' झाले आणि त्यातून हिंदी-मराठीचे 'चाम' आले. 'चाम'ला 'ड़ा' लागून 'चमड़ा', मराठीत 'चामडे'. 'चर्मकार'पासून हिंदीत 'चमार', मराठीत 'चांभार'. 'खाल' हा शब्द वेगळ्या कुळातला, 'खल्ल' या शब्दापासून आलेला. हिंदी बोलणारा माणूस जनावराच्या अंगावरून नुकतीच उतरलेली, केसांसकट असलेली ती 'खाल' म्हणतो. कमावून, रंगवून, वापरायला तयार झाले की 'चमड़ा'. माणसाच्या अंगावर असते ती 'चमड़ी', आणि डॉक्टरकडे गेले की तीच 'त्वचा' होते. मराठीत आपण हीच विभागणी कातडे, चामडे, कातडी, त्वचा अशी करतो. विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते पटकन उतरवून घेतात, कारण हे परीक्षेत येते.

परीक्षेत न येणारी गोष्ट अशी की आपला 'कातडे' हा शब्द संस्कृत 'कृत्ति'कडे जातो, आणि शंकराचे एक नाव 'कृत्तिवास' आहे. कातडे पांघरणारा तो कृत्तिवास. देवाने पांघरले की त्याला स्तोत्रात जागा मिळते. ऋषी ज्यावर बसतो ते 'मृगाजिन'. त्याला कोणी 'हरणाचे चामडे' म्हणत नाही, आणि म्हटले तर पूजेला बसलेल्या माणसाला ते रुचणार नाही. वस्तू तीच, चुन्यात भिजवून केस आणि मांस काढलेली किंवा केसांसकट वाळवलेली. शब्द मात्र बसणाऱ्याच्या जातीप्रमाणे बदलतो.

येथे कोणी म्हणेल, शब्दांच्या छटा प्रत्येक भाषेत असतात, त्यात जात कशाला आणता? त्यांनी मनुस्मृती उघडून पाहावी. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला ती जाळली गेली. जाळण्यापूर्वी ती वाचलेली होती, हे आपण विसरू नये. दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्यांनी कोणती वस्त्रे वापरावीत याचा नियम आहे. ब्राह्मणाने काळविटाचे, क्षत्रियाने रुरू जातीच्या हरणाचे, वैश्याने बोकडाचे कातडे घ्यावे. तिथे शब्द आहे 'चर्म'. चौथ्या अध्यायात कोणाकोणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे. त्यात चर्म कापणाऱ्याचे अन्न खाल्ले तर खाणाऱ्याचे यश नष्ट होते असे सांगितले आहे. तिथेही शब्द 'चर्म'च आहे. एकाच ग्रंथात, एकाच शब्दाने, दोन अध्यायांच्या अंतरावर हे आहे. त्या ब्रह्मचाऱ्याच्या खांद्यावरचे काळविटाचे कातडे सोलले कोणी, कमावले कोणी, हे ग्रंथ सांगत नाही. म्हणजे विटाळ वस्तूत नव्हता आणि शब्दातही नव्हता. तो ज्याने काम केले त्याच्या माथी मारलेला होता.

म्हणूनच 'चांभार' ऐवजी 'चर्मकार' म्हटल्याने आपण काय कमावले, हा प्रश्न मला पडतो. महाराष्ट्र शासनाचे १९७४ साली स्थापन झालेले महामंडळ आज संत रोहिदासांचे नाव घेऊन 'चर्मोद्योग व चर्मकार विकास' करते. हा शब्द समाजाने सन्मानासाठी स्वीकारला, त्यामागची वेदना मला माहीत आहे. 'चांभार' ही शिवी झालेली होती. सर्वोच्च न्यायालयाला २००८ मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात सांगावे लागले की अपमान करण्याच्या हेतूने कोणाला 'चमार' म्हणणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो. परंतु संस्कृतचे पाणी शिंपडून शब्द शुद्ध होतो, ही समजूत ज्यांची आहे त्यांच्याकडूनच आपण ती उसनी घेतलेली आहे. ज्या शब्दाला मनूनेच बहिष्कृत केलेले आहे तो आपल्याला शुद्ध कसा करणार?

या सर्व शब्दांमध्ये मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नाम नव्हे, एक क्रियापद. हिंदीत 'कमाना', मराठीत 'कमावणे'. आमचे विद्यार्थी त्याचा एकच अर्थ जाणतात, पैसे मिळवणे. हिंजवडीत तर दुसरा अर्थ सुचण्याचे कारणच नाही. इथे कोण किती कमावतो यावर माणसाची किंमत ठरते. पण कातडेही 'कमावले' जाते. आणि हिंदी पट्ट्यात आणखी एक प्रयोग आहे : 'पाखाना कमाना'. घरोघरच्या संडासातील मैला उचलणे याला तिथे 'कमाना' म्हणत. बाई सकाळी टोपली घेऊन 'कमाने' जात असे. मुळात हे क्रियापद 'काम' या शब्दापासून आलेले आहे, आणि 'काम' हे 'कर्म'पासून. म्हणजे काम करून एखाद्या वस्तूला उपयोगी बनवणे हा अर्थ आधीचा, पैसा हाती येणे हा त्यावर चढलेला.

कातडे कमावणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. ओले कातडे दोन दिवसांत सडू लागते. त्याला मीठ लावावे लागते. मग चुन्याच्या पाण्यात ते भिजत ठेवायचे, म्हणजे केस सुटतात. मग आतल्या बाजूचे मांस-चरबी सुरीने खरवडायची. नंतर धुऊन, चुना काढून ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचे. साल बदलायची, पाणी बदलायचे, उलटेपालटे करायचे. झाडाच्या सालीतला तुरट अंश कातड्याच्या तंतूंत शिरतो आणि जे सडणार होते ते वर्षानुवर्षे टिकणारे होते. हे रसायनशास्त्र आहे. आमच्या सह्याद्रीतल्या हिरड्याला त्यामुळे बाजार मिळाला. जुन्नर-आंबेगावच्या रानात तो गोळा करणारे महादेव कोळी आणि गावाबाहेर कुंडात हात घालणारे ढोर, हे या शास्त्राचे दोन टोकांचे कामगार. त्यांपैकी कोणाच्याही नावाने या शास्त्राचा एकही धडा नाही. ढोरांच्या वाट्याला आले ते काय? जनावरालाही 'ढोर' आणि माणसालाही 'ढोर'.

'कमाना' या क्रियापदाचे तीनही अर्थ एका कोशात एकाखाली एक छापलेले असतात. पैसा मिळवणे, चामडे तयार करणे, मैला साफ करणे. कोशकाराने ते प्रामाणिकपणे नोंदवले, यासाठी मी त्याला दोष देणार नाही. दोष आहे तो त्या कोशातून पाठ्यपुस्तकासाठी पहिला अर्थ उचलणाऱ्या आणि पुढले दोन सोडून देणाऱ्या हातांचा. कारण पुढचे दोन अर्थ ठेवले तर मुले विचारतील की, ज्याने खरोखर 'कमावले' त्याच्या घरी कमाई का नाही?

म्हणींचेही असेच. 'चमड़ी जाए पर दमड़ी न जाए' ही कंजुषाची म्हण सर्वांना पाठ. 'खाल उधेड़ना', आपल्याकडे 'कातडी सोलणे' किंवा 'चामडी लोळवणे', ही जमीनदाराची आणि फौजदाराची भाषा. ती प्रत्यक्षात कोणावर वापरली गेली हे वेगळे सांगायला नको. कृतज्ञतेच्या परमावधीला पोचलेला माणूस म्हणतो, 'माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घालीन.' हिंदीतही हेच म्हणतात. चांभाराचे काम पत्करायला तयार झालेला सवर्ण मला या एका वाक्प्रचारातच भेटला, आणि तोही फक्त बोलण्यापुरता. 'चाम के दाम चलाना' म्हणजे दोन दिवसांच्या सत्तेत मनमानी करणे. चौसाच्या लढाईत १५३९ साली हुमायूनला बुडताना वाचवणाऱ्या निजाम नावाच्या भिश्त्याला अल्पकाळ गादीवर बसवले गेले आणि त्याने म्हणे कातड्याची नाणी चालवली, अशी त्यामागची आख्यायिका. ती खरी असो वा नसो, पखालवाल्याच्या हाती राज्य आले ही कल्पनाच भाषेला इतकी हास्यास्पद वाटली की तिने त्यावर कायमची म्हण करून ठेवली.

'पखाल' या शब्दात मराठीने 'खाल' अजून जपून ठेवली आहे. 'आजार रेड्याला, औषध पखालीला' ही म्हण वर्गात सांगितली तर पखाल कशाला म्हणतात हे एकालाही सांगता येत नाही. आणि जातीचे दुखणे असताना शब्दाला औषध लावणाऱ्यांनाही हीच म्हण लागू पडते, हे मी स्वतःला बजावून पुढे लिहितो.

माझे आजोबा पुरंदर तालुक्यातल्या एका कोरड्या गावात मोटा शिवीत. बलुत्यावर. मोट, नाडा, सोंदूर हे शब्द आता प्रादेशिक कादंबऱ्यांतून उरलेले आहेत. त्यांवर शहरी समीक्षकांनी 'मातीचा गंध' वगैरे बरेच लिहिलेले आहे. त्या गंधात कातड्याचाही वास होता. मोट धावेवरून बैलांच्या जोरावर वर यायची, थारोळ्यात ओतली जायची, आणि ते पाणी उसाला, मिरचीला जायचे. दमलेला कुणबी त्याच पाण्यात हात धुऊन तिथेच ओंजळीने प्यायचा. त्याला विटाळ झाल्याचे कोणी ऐकलेले नाही. मोट विहिरीत उतरत होती, ती शिवणारा उतरू शकत नव्हता. प्रेमचंदांच्या 'ठाकुर का कुआँ'तल्या गंगीला रात्रीच्या अंधारात ठाकुराच्या विहिरीवर जावे लागते आणि भीतीने तिच्या हातची दोरी सुटते. ती कथा शिकवताना मला दर वेळी वाटते, दिवसा त्या गावच्या शेतांना पाणी कशाने देत होते?

आता मूळ प्रश्नाकडे. प्रेमचंदांवर दलित लेखकांनी घेतलेले आक्षेप नवे नाहीत. 'कफन'मधल्या घीसू-माधवच्या चित्रणावर ओमप्रकाश वाल्मीकींसारख्यांनी बोट ठेवले. जुलै २००४ मध्ये दिल्लीत 'रंगभूमि'च्या प्रती जाळण्यात आल्या. नायक सूरदासच्या नावाला कादंबरीत जात सारखी चिकटवली आहे, ही तक्रार होती. मला पुस्तक जाळणे मान्य नाही. मनुस्मृतीचे दहन आणि कादंबरीचे दहन यांत मी फरक करतो : एक कायदा होता, दुसरी कलाकृती आहे. तथापि तक्रार चुकीची होती असे म्हणून ज्यांनी हात झटकले त्यांनी 'रंगभूमि' नीट वाचलेली नाही, असे माझे मत आहे.

१९२५ च्या या कादंबरीत चामडे आहे. पांडेपूरजवळ चामड्याचे गोदाम आहे. ते गोदाम कोणाचे? जॉन सेवक या भांडवलदाराचे. त्याचा हिशेब कोण ठेवतो? ताहिर अली. सूरदासचा त्या चामड्याशी संबंध काय? काही नाही. तो आंधळा आहे, रस्त्यावर बसून भीक मागतो. त्याची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे, तीवर गावची गुरे चरतात आणि जॉन सेवकला तिथे सिगारेटचा कारखाना काढायचा आहे. म्हणजे 'चमड़ा' ही वस्तू आणि तिचा नफा जॉन सेवककडे, आणि त्या वस्तूवरून पडलेले नाव सूरदासकडे. चामड्याचा व्यापार करून जॉन सेवकला कोणी चमार म्हणत नाही, आणि चामड्याला न शिवताही सूरदासचे चमारपण सुटत नाही. प्रेमचंदांनी हे जाणून लिहिले की नकळत, हे मी सांगू शकत नाही. पण कादंबरीत ते आहे, आणि गांधीवादी त्यागाचे प्रतीक म्हणून सूरदासची पूजा करणाऱ्या समीक्षेने ते पाहिलेले नाही. हिंजवडीत राहून ही कादंबरी वाचणाऱ्याला आणखीही एक गोष्ट दिसते. कारखाना उभा राहतो, मग मजुरांच्या घरांसाठी अख्खे पांडेपूर उठवले जाते. इथे जमीन गेली त्यांना मोबदल्याचे कागद तरी आले. ज्यांचे नाव सातबाऱ्यावर कधीच नव्हते, जे बांधावरच्या कामावर आणि बलुत्यावर जगत होते, त्यांचे काय झाले हे विचारणारी कादंबरी मराठीत मला अजून सापडलेली नाही.

'सद्गति'त तर चामडे अजिबात नाही. दुखी मुलीच्या सगाईचा मुहूर्त विचारायला पंडिताकडे जातो, सोबत गवताचा भारा नेतो. पंडित त्याला झाडायला लावतो, सारवायला लावतो, भुसा वाहायला लावतो, गाठीचे लाकूड फोडायला लावतो. तिथे ना रापी आहे, ना आर. उपाशीपोटी तो मरतो. गोंडाने चमारवाड्यात जाऊन बजावलेले असते, म्हणून प्रेत उचलायला कोणी येत नाही. शेवटी पंडित काय करतो? दोरीचा फास प्रेताच्या पायात अडकवतो, ओढत गावाबाहेर नेतो आणि घरी येऊन अंघोळ करून पाठ म्हणतो.

हे दृश्य आपण नेहमी क्रौर्याचे दृश्य म्हणून वाचतो. सत्यजित राय यांच्या १९८१ च्या चित्रपटातही तेच मनावर ठसते. पण ते काम कोणाचे होते? मेलेले जनावर दोरी बांधून गावाबाहेर ओढत नेणे, हे काम वर्णव्यवस्थेने दुखीच्या जातीला आणि आपल्याकडे महारांना दिलेले होते. प्रेमचंदांनी ते काम एका सकाळी घासीरामकडून करून घेतले. आणि पुढे? घासीराम एका अंघोळीत मोकळा झाला. तेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्याला कोणतीही अंघोळ पुरली नाही. माझ्या मते कथेचा आशय इथे आहे, आणि त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. कामाने जात ठरत असती तर त्या सकाळी घासीराम चमार झाला असता. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवले आहे की, जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. गाईडातला 'चमड़े का काम करने वाला' हा अर्थ जातीला धंदा बनवतो आणि जन्म लपवतो. तो अर्थ अपुरा आहे असे मी म्हणत नाही. तो खोटा आहे.

'गोदान'मध्ये एक प्रसंग याच्या उलट आहे. सिलियाला नासवणाऱ्या मातादीनला तिचे जातभाई धरतात, त्याचे जानवे तोडतात आणि तोंडात हाड कोंबतात. धंद्यातली वस्तूच तिथे हत्यार होते. १९३६ च्या हिंदी कादंबरीत हे आले, याचे श्रेय प्रेमचंदांना दिलेच पाहिजे.

पण कातड्याचे वजन किती असते, हे त्यांच्या लेखनातून कळत नाही. ते कळते वाल्मीकींच्या 'जूठन'मध्ये. १९९७ चे हे आत्मकथन. शाळकरी वयातल्या ओमप्रकाशला काकाबरोबर मेलेल्या बैलाचे कातडे काढायला जावे लागते, हाती सुरी घ्यावी लागते, आणि मग ते ओले गाठोडे डोक्यावर घेऊन जाताना एकच भीती असते, शाळेतले कोणी पाहील. त्या काळी एका कातड्याचे वीस-पंचवीस रुपये येत. शिक्षणाच्या वाटेवर पाऊल टाकलेल्या आमच्या पहिल्या पिढीचे हे जे गाठोडे आहे, ते कोणत्याही कोशात 'खाल' या नोंदीखाली सापडणार नाही.

मराठीत माधव कोंडविलकरांनी 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) मध्ये शिक्षकाच्या नोकरीतही जात आणि धंदा पाठ कशी सोडत नाहीत ते लिहिले. आणि येथे आपल्या चळवळीविषयी थोडे कटू बोलणे भाग आहे. मेलेली जनावरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडा, हा आदेश बाबासाहेबांनी १९२७ पासून दिला आणि महार समाजाने तो प्राणपणाने पाळला. धर्मांतरानंतर नागपूरच्या भाषणात, मेलेल्या जनावरांच्या कातड्या-शिंगांतून पाचशे रुपये मिळतील ते बुडतील, असे 'केसरी'त छापून आलेल्या हिशेबाचा त्यांनी समाचार घेतला, तो आपल्या सर्वांना ठाऊक आहे. हा नकार दलित साहित्याचा पाया आहे. परंतु त्या नकाराच्या गौरवात आपण कातडे कमावणाऱ्या ढोराला आणि शिवणाऱ्या चांभाराला 'मागे राहिलेले' ठरवले. उलट बाजूने चांभारांनी स्वतःला महारांहून वरचे मानले, कारण ते मेलेले जनावर सोलीत नव्हते, तयार चामडे शिवीत होते. म्हणजे खाल, मग चमड़ा, मग जोडा अशी वस्तूच्या प्रवासाची उतरंड, तीच माणसांचीही. हिंदी कोशातील 'खाल' आणि 'चमड़ा' यांमधला फरक आम्ही आमच्या सोयरिकीत जपला. गुजरातेत उनाला ११ जुलै २०१६ रोजी मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघडे करून मारले, तेव्हा महाराष्ट्रात निषेध सर्वांनी केला. पण आपल्या घरातल्या उतरंडीबद्दल कोणी बोलले नाही.

आज या वस्तूला आणखी एक नाव मिळाले आहे : 'लेदर'. हा शब्द कोणाच्या जातीला चिकटलेला नाही. 'जेन्युइन लेदर'ची बॅग खांद्याला लावून येथील कंपन्यांत जाणारा अभियंता तिला चामड्याची पिशवी म्हणणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमधील प्राडाच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला 'लेदर सँडल' म्हणून दाखवल्या गेल्या, तेव्हा महाराष्ट्रात मोठा संताप उसळला. २०१९ चे भौगोलिक मानांकन, कोल्हापूरची कला, महाराष्ट्राची अस्मिता, सर्व काही बोलले गेले. ती चप्पल बनवणाऱ्यांची जात मात्र त्या संतापात फारशी कोणाला आठवली नाही. प्राडाने कोल्हापूर गाळले, आम्ही चांभार गाळला.

चौकाजवळ झाडाखाली बसणाऱ्या एका मोच्याकडे मी माझी बॅग दुरुस्तीला दिली होती. ('मोची' आणि आपले 'मोजे' हे शब्द एकाच इराणी कुळातले मानतात. एक पायात राहिला, दुसरा पायाशी.) दुकानदाराने मला ती अस्सल म्हणून विकलेली होती. मोच्याने कड नखाने उचकटून पाहिली आणि म्हणाला, "साहब, ये चमड़ा नहीं है, रेक्सिन है. चमड़े का दाम लिया आपसे." मी विचारले, कसे ओळखले? त्याने आपल्या मांडीखालचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि कडेचे तंतू दाखवले. चमड्याची कड अशी असते, कापलेल्या लाकडासारखी. रेक्सिनची कड म्हणजे कापडावरचा रंग. मग हसून म्हणाला, कंपनीतले लोक बॅग आणतात, 'लेदर है, संभाल के' असे बजावतात. ती बहुधा रेक्सिनच असते. तो काही बोलत नाही. शिवून देतो.

तुकडा हातात घेऊन उभा असताना मला पहिल्यांदा वाटले की, 'चमड़ा' या शब्दाचा अर्थ सांगण्याचा अधिकार असलेला माणूस माझ्यासमोर बसला आहे, आणि तो कोणत्याही कोशमंडळावर असणार नाही.

यंदाच्या परीक्षेत 'सद्गति'वर प्रश्न आला. त्याखाली एका गुणाचा शब्दार्थ होता : 'चमार'. आदर्श उत्तरपत्रिकेत छापलेले उत्तर होते, 'चमड़े का काम करने वाला'. उत्तरपत्रिका तपासायला आल्या तेव्हा त्यांवर नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. एका उत्तरपत्रिकेत कोणीतरी हिंदीत लिहिले होते की, ज्याच्या हाती चमड़ा असो वा नसो, ज्याला गाव जन्मापासून या नावाने हाक मारते तो. मी गुण दिला. फेरतपासणीत तो कापला गेला. कारण विचारले तेव्हा मला आदर्श उत्तरपत्रिका दाखवण्यात आली. मी लेखी हरकत नोंदवली आहे. अजून उत्तर आलेले नाही.